हाजी अलीच्या खडकावरचे मर्जान

परळहून हाजी अलीला आम्ही आजवर किती वेळा गेलो असू, याचा हिशेब नाही. लहानपणी अब्बांचे बोट धरून गेलो, निकाहनंतर जोडीने गेलो, मुलगी चाळीस दिवसांची झाली तेव्हा तिला घेऊन गेलो. प्रत्येक वेळी क्रम तोच. आधी ओहोटीची वेळ विचारून घ्यायची, वाट उघडी असेल तर दोन्ही बाजूंच्या खडकांकडे न बघता भराभर चालायचे, फातिहा पढायचा, थोडा वेळ बसायचे आणि भरती चढायच्या आत परतायचे. खडक म्हणजे शेवाळ, वास आणि अडकलेल्या पिशव्या, एवढीच आमची समजूत. त्यांच्यावर काही राहत असेल, हे मनातही आले नव्हते.

ही समजूत मोडली २०१९ च्या जानेवारीत. मुंबईच्या किनाऱ्यावरील जीवांची नोंद करणारा आणि लोकांना ते दाखवणारा ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ नावाचा गट २०१७ पासून काम करतो. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फेऱ्या निघतात, हे मुलीने शाळेतून ऐकून आणले. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या हट्टाखातर एका रविवारी फजरची नमाज पढून आम्ही निघालो. पाणी बरेच आत गेले होते. माहिती सांगणारी तरुणी एका डबक्यापाशी उकिडवी बसली आणि तिने बोट दाखवले. तळव्याएवढा मातकट, खडबडीत ठिपका खडकाला चिकटलेला होता. नीट पाहिले तर त्यावर चांदण्यांसारख्या बारीक खाचा होत्या.

“हे प्रवाळ आहे. जिवंत आहे. हात लावू नका.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. प्रवाळ म्हणजे पोवळे. ते तर लांबच्या निळ्या समुद्रात असते ना? इथे, या गढूळ पाण्यात?

दादीची अंगठी

घरी आल्यावर मुलीने पहिली धाव घेतली ती दादीकडे. दादीच्या बोटात लाल पोवळ्याची अंगठी आहे. दादा मालवाहू जहाजावर खलाशी होते. इटलीच्या बंदरातून त्यांनी ती आणली होती. दादी रोज सकाळी सूरह रहमान पढतात. त्या सूरहमध्ये दोन समुद्रांतून निघणाऱ्या मोती आणि मर्जानचा उल्लेख आहे. काही जुन्या भाष्यकारांनी मर्जानचा अर्थ बारीक मोती असाही केला आहे; पण आपल्या घरांत मर्जान म्हटले की पोवळेच समजतात.

“दादी, मर्जान दगड नसतो. तो जीव असतो,” मुलगी म्हणाली.

दादीने अंगठी फिरवून पाहिली. “म्हणजे हे जिवंत होतं?”

होते. प्रवाळ हा प्राणी आहे. मऊ, लहानशा नळीसारखे शरीर, एका टोकाला तोंड आणि तोंडाभोवती बारीक हात. असे शेकडो-हजारो जीव एकमेकांना चिकटून वसाहत करतात. कठीण प्रवाळ समुद्राच्या पाण्यातून चुना घेतात आणि आपल्या बुडाशी त्याचे घर बांधतात. एक पिढी जाते, तिच्या घरावर दुसरी बसते. हजारो वर्षांत त्याची भिंत होते, तीच प्रवाळभित्ती. उष्ण, उथळ आणि स्वच्छ पाण्यातल्या बहुतेक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. प्रवाळाचा रंगही बराचसा त्या पाहुण्याचाच असतो.

दादीच्या अंगठीतले लाल पोवळे मात्र वेगळ्या जातीचे. ते भूमध्य समुद्रात, खोल आणि अंधाऱ्या कपारींत वाढते. त्याची जाडी वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. म्हणजे बोटभर जाडीची फांदी कित्येक दशकांची असते. नेपल्सजवळचे तोर्रे देल ग्रेको हे गाव शतकानुशतके पोवळे घडवण्यासाठी प्रसिद्ध आहे. भेंडीबाजारात अकीक आणि फिरोज्याच्या शेजारी मांडलेले अस्सल लाल पोवळे बहुधा इतक्या लांबून आलेले असते.

दादीने अंगठी काढली नाही. “तुझ्या दादांची निशाणी आहे,” एवढेच म्हणाल्या. पण त्यानंतर नव्या पोवळ्याची गोष्ट आमच्या घरात कोणी काढली नाही.

गर्दीच उतरवते

आमचा धाकटा भाऊ, मुलीचा चाचा, मालदीवच्या एका बेटावर मुदपाकखान्यात नोकरीला आहे. तिथे राहून तो पाणबुडीचा छंद शिकला. पुढच्या ईदला तो घरी आला तेव्हा मुलीने त्याला सोडलेच नाही. मग त्याने प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या बुडीची गोष्ट सांगितली. ‘ड्रिफ्ट डायविंग’ म्हणतात तीच ही.

मालदीव म्हणजे समुद्रात मांडलेल्या बांगड्या. प्रत्येक बांगडी प्रवाळांनी बांधलेली. बांगडीला मध्ये मध्ये खिंडी आहेत. तिथली माणसे त्यांना ‘कंदू’ म्हणतात. भरती-ओहोटीचे आणि मोसमी वाऱ्यांनी ढकललेले पाणी या खिंडींतून जोरात आत-बाहेर करते. पाणबुडे त्या प्रवाहात उतरतात आणि प्रवाळाच्या भिंतीकडेने नुसते वाहत जातात.

“पोहायचं नाही?” मुलीने विचारले.

“दादरला गर्दीच्या वेळी गाडीतून उतरताना तू चालतेस का? गर्दीच उतरवते. तू फक्त सरळ उभी राहायचं आणि कोणाला धक्का लागू द्यायचा नाही. तसंच.”

हे ऐकून दादीसुद्धा हसल्या. पण चाचाने पुढे जे सांगितले त्यात गंमत कमी आणि शिस्त जास्त होती. उतरण्यापूर्वी प्रवाह कुठून कुठे चालला आहे आणि किती जोराचा आहे ते पाहतात. सगळे एकदम उतरतात, कारण एक जण अर्धा मिनिट मागे राहिला तर तो फार लांब पडतो. एरवीच्या बुडीत होडी नांगरून ठेवता येते, इथे नाही. माणसे जिथे उतरली तिथे वर येणार नसतात. म्हणून होडी पाण्यावरच्या बुडबुड्यांच्या मागे मागे येते. वर येण्याआधी पाणबुडा दोरीला बांधलेली नारिंगी रंगाची लांब नळी हवा भरून वर सोडतो. ती पाण्यावर उभी राहिली की होडीवाल्याला कळते, माणूस इथे आहे.

प्रवाहाच्या उलट पोहायचे नाही, हा पहिला धडा. दमछाक होते, टाकीतली हवा झपाट्याने संपते आणि माणूस पुढे सरकतही नाही. बाहेर पडायचे तर प्रवाहाला आडवे पोहायचे, किंवा एखाद्या मोठ्या खडकाच्या आडोशाला जायचे, तिथे पाणी मंद असते. श्वास कधीच रोखायचा नाही. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. वर येताना दाब कमी होतो तशी फुप्फुसातली हवा फुगते, आणि श्वास रोखलेला असेल तर फुप्फुसाला इजा होते. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा जास्त नको. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. बुडीनंतर निदान अठरा तास विमानात बसायचे नाही.

“आणि हात?” मुलीने विचारले. ‘हात लावू नका’ हे तिच्या डोक्यात पक्के बसले होते.

“हात छातीशी. प्रवाळाला धरलं तर ते मोडतं, आणि आपला हातही कापतो. वाहत जायचं, बघायचं, काही धरायचं नाही.”

दादी इतका वेळ गप्प होत्या. त्यांचे माहेर रेवसच्या पुढचे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांत दादीच्या माहेरचे दोघे होते. दादी तेव्हा तान्ह्या होत्या, पण त्या घरात समुद्राचे नाव आवाज खाली करूनच घेतले जाई. पुढे नवरा खलाशी मिळाला, मुलगा बेटावर गेला. आता नात पाण्याखाली जाण्याच्या गोष्टी करू लागली.

“आणि होडीवाल्याला नळी दिसली नाही तर?” त्यांनी विचारले.

चाचाने खोटा धीर दिला नाही. “तसं होऊ शकतं, अम्मी. म्हणून शिट्टी असते, आरसा असतो, बॅटरी असते. म्हणून एकट्यानं जायचं नसतं. आणि प्रवाह जास्त असेल तर त्या दिवशी उतरायचंच नसतं.”

प्रवाह प्रवाळाला काय देतो

प्रवाहाच्या जागी प्रवाळ जोमाने का वाढते? प्रवाळ जागचे हलत नाही. अन्न शोधायला जाऊ शकत नाही. वाहते पाणी त्याच्या तोंडापाशी सूक्ष्म जीव आणून देते, अंगावर बसलेला गाळ धुऊन नेते आणि तापलेले पाणी साचू देत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. सगळे आयुष्य एका जागी काढणारा हा जीव जन्मतः भटका असतो. प्रवाळाची पिल्ले टाचणीच्या टोकाएवढी असतात. प्रवाहाबरोबर ती काही दिवस, कधी काही आठवडे वाहत राहतात. मग कुठे तरी कठीण, स्वच्छ जागा मिळाली की चिकटतात, आणि पुन्हा कधी हलत नाहीत.

हाजी अलीबद्दल एक आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पीर हाजी अली शाह बुखारी मक्केच्या वाटेवर असताना त्यांचा इंतकाल झाला, आणि त्यांचा जनाजा समुद्रातून वाहत येऊन या खडकांवर स्थिरावला, असे सांगतात. या खडकांवरचे प्रवाळही असेच, पाण्याने आणून सोडलेले. आमचे वडीलधारेही बोटीने कोकणातून आले आणि गिरण्यांच्या आसपास, परळ-लालबागच्या दहा बाय दहाच्या खोल्यांत चिकटून राहिले.

आपल्या किनाऱ्यावर

मुंबईत प्रवाळभित्ती नाही, आणि इथे वाहत्या पाण्यातली बुडीही मारता येणार नाही. खाड्यांतून येणारा गाळ आणि शहराचे सांडपाणी यांमुळे पाण्याखाली हातभरही धड दिसत नाही. इथे आहेत त्या प्रवाळांच्या लहान लहान विखुरलेल्या वसाहती. गाळ आणि ओहोटीतले ऊन सोसणाऱ्या चिवट जातींच्या.

प्रवाळ नीट पाहायचे तर मालवणला जावे लागते. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात प्रवाळ आहेत, आणि तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाणबुडीचे शिक्षण देणारी संस्था आहे. त्याहून पुढे, विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रात आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून हे नाव पडले. पठाराचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे. वर ना बेट, ना खडक. तरी खाली प्रवाळांची वस्ती आहे. २०१९ संपता संपता शास्त्रज्ञांचे पथक जहाजाने तिथे पाहणीला गेले होते. किनाऱ्यापासून दूर असल्याने तिथले पाणी नितळ आहे.

आणखी दक्षिणेला लक्षद्वीप. तिथली वस्ती बहुतांश मुस्लिम आहे आणि बेटे प्रवाळांनीच घडवलेली आहेत. मशीद, घर, माडाची बाग, सगळे प्रवाळाच्या चुऱ्यावर उभे. तिथे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी समुद्र तापला आणि प्रवाळ पांढरे पडले. नेहमीपेक्षा एखाददुसरा अंश जास्त उष्णता काही आठवडे टिकली की प्रवाळ आपल्या शरीरातले शैवाल बाहेर टाकते. रंग जातो, अन्न जाते. पाणी लवकर निवले तर ते सावरते. नाही तर उपाशी मरते. २०१६ साली मालदीवमध्येही हेच झाले. चाचा तेव्हा तिथे नवा होता. “ज्या भिंतीवरून आदल्या वर्षी गेलो होतो, तीच भिंत,” तो म्हणाला, “सगळी कफनासारखी पांढरी.” प्रवाळ मेले की काही वर्षांत भिंत ढासळते, आणि मग लाटांना अडवणारे कोणी उरत नाही. लक्षद्वीप आणि मालदीवच्या माणसांना प्रवाळाची काळजी वाटते ती यासाठी. घराचे जोतेच ते.

अठरा वसाहती

भारतात कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. त्यामुळे मुंबई किनारी रस्त्याचे काम चालू असताना वरळी आणि हाजी अलीच्या किनाऱ्यावर प्रवाळ आढळले, तेव्हा परवानगी घेऊन ते हलवावे लागले. २०२० च्या अखेरीस गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली अशा १८ वसाहती उचलून दुसरीकडे बसवल्या गेल्या. काही थेट कुलाब्याच्या नेव्हीनगरच्या किनाऱ्याला गेल्या.

ही बातमी आम्ही टाळेबंदीच्या काळात घरात बसून वाचली. मुलीने विचारले, “आपण पाहिलेलं त्यात असेल का?” आमच्याकडे उत्तर नव्हते.

दादीने मात्र वेगळाच प्रश्न काढला. आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची चर्चा तेव्हाही चालू होती, आजही आहे. “त्यांना उचलून नेलं, ते तिथे जगले का?” हलवलेल्या बहुतेक वसाहती जगल्याचे पुढे सांगण्यात आले, ते आम्ही त्यांना वाचून दाखवले. दादी म्हणाल्या, “अल्हम्दुलिल्लाह,” आणि तसबीह फिरवत राहिल्या.

चांदरात आणि ओहोटी

मुलगी आता मोठी झाली. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघे पुन्हा फजरनंतर हाजी अलीला गेलो. किनारा बदलला आहे. समोरून नवा रस्ता जातो. आम्ही पूर्वीचे डबके शोधले. सापडले नाही. कदाचित आम्हीच जागा विसरलो असू. पण मुलगी खाली मान घालून, एकेक पाऊल बघून टाकत होती. अर्ध्या तासाने तिने हाक मारली. नाण्याएवढा ठिपका, त्यावर त्याच चांदण्या. आम्ही तिघे गुडघ्यांवर बसून पाहत राहिलो. शेजारी पाण्याची रिकामी बाटली कपारीत अडकली होती, ती तिने हळूच काढून पिशवीत टाकली.

वाचकांपैकी ज्यांना मुलांना घेऊन जायचे असेल त्यांच्यासाठी एक सोपी खूण. आपल्या घरांत चांदची तारीख सगळ्यांना ठाऊक असते. समुद्रही त्याच तारखेने चालतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे हिजरी महिन्याच्या सुरुवातीच्या दोन-तीन आणि मधल्या पंधरा ते सतरा या तारखांना उधाणाची भरती येते. मुंबईत पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते आणि ओहोटीला तितकेच लांब जाते. त्या दिवसांत ओहोटी साधारण सकाळी लवकर आणि संध्याकाळी येते. सात-आठ आणि बावीस-तेवीस तारखेला भांगाची भरती असते, तेव्हा खडक फारसे उघडे पडत नाहीत. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. निघण्याआधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक जरूर पाहा, पाणी उलटायच्या आधी परता, आणि पावसाळ्यात खडकांवर उतरूच नका. घट्ट बुटांनी जा. डबक्यात बघा, पण काही उचलू नका, उलटवलेला दगड तसाच परत ठेवा. दर्ग्याला जाताना फुलांची पिशवी, बाटली, खाऊचा कागद पाण्यात पडू देऊ नका. एवढे केले तरी पुष्कळ आहे.

आणि मुलगी? तिला समुद्रशास्त्र शिकायचे आहे आणि त्यासाठी पाणबुडी यायला हवी, असे तिने जाहीर केले आहे. घरात वाद झाला, हे कबूल केले पाहिजे. पोशाखाचा प्रश्न निघाला तेव्हा तिने चाचाचा फोटो पुढे केला. डोक्यावर टोपी, मनगटापर्यंत बाही, घोट्यापर्यंत पाय झाकलेले. “याच्यात दिसतंय काय?” त्या मुद्द्यावर सगळे गप्प झाले. खरा अडसर भीतीचा होता, आणि ती भीती एकट्या दादीची नव्हती, आमचीही होती.

शेवटी तोडगा दादीनेच काढला. “आधी पोहायला शिक. नीट शिक. मग तुझा चाचा सांगेल तेव्हा, तो सांगेल तिथे. आणि प्रवाह जास्त असेल त्या दिवशी नाही.” म्हणजे ईदच्या त्या गप्पांतले प्रत्येक वाक्य त्यांच्या लक्षात होते.

आता रविवारी सकाळी आम्ही दादरच्या तरण तलावावर मुलीसाठी चौकशीला जाणार आहोत. दादीने सोबत यायचे ठरवले आहे. त्या काठावर बसणार आहेत, तसबीह घेऊन.